गोळ्या चालू, तरी अंगात रक्त नाही



आरोग्यावर लिहिताना आम्ही नेहमी दुसऱ्यांच्या चुका दाखवतो. आज सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

आमच्या वस्तीत एक ताई आहेत. वय चाळिशीच्या आतले. नवरा रंगकाम करतो, त्या चार घरची धुणीभांडी करतात. एक मुलगी आहे. तिच्यानंतर दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडले. गेली कित्येक वर्षे आम्ही त्यांना फिकट चेहऱ्याने जिन्यात मध्येच टेकलेल्या पाहत आलो. वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर भरले की नावे आणि आकडे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे असते. कारकुनाला दुसरे कोणते काम देणार? ताईंच्या नावापुढे हिमोग्लोबिनचा आकडा कधी आठ, कधी साडेआठ. तिसऱ्या शिबिरात तोच आकडा लिहिताना आम्ही जरा चढ्या आवाजातच म्हणालो, “ताई, गोळ्या घेता ना? की डब्यात तशाच ठेवून देता?”

“घेते ओ भाऊ, रोज घेते,” त्या म्हणाल्या.

आम्हाला ते खरे वाटले नाही. वर सल्लाही दिला, की रक्त वाढायला गव्हाची लापशी गूळ घालून खात जा. ताईंनी ती निमूटपणे खाल्ली. शेजारच्या बायका म्हणत होत्या, हिच्या मागे बाहेरचे काहीतरी लागले आहे, त्याशिवाय दोन वेळा पोट रिकामे होत नाही. कोणी गंडा बांधायला सांगितले, कोणी उतारा टाकायला.

पुढे एके दिवशी मोरीत पाय घसरून ताई हातावर पडल्या. पडणे साधेच, पण मनगटाचे हाड मोडले. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नुसते प्लॅस्टर घालून सोडले नाही. एवढ्या वयात एवढ्याशा पडण्याने हाड का मोडले, असे त्यांनी विचारले. मग एकेक बाहेर आले. रक्त कमी, गोळ्यांनी वाढत नाही. तोंड वरचेवर येते. पायांना मुंग्या येतात. जेवले की पोट फुगते. दोन गर्भपात. बाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली, नंतर दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. निदान झाले, सिलिॲक आजार. गव्हातला एक पदार्थ ताईंच्या आतड्याला सोसत नव्हता, आणि आम्ही त्यांना गव्हाचीच लापशी खा म्हणून सांगत होतो.

हा आजार आमच्यासारखा तुम्हालाही नवा असेल, म्हणून यावेळचा सगळा मजकूर त्याच्यावर.

खाल्लेले अंगी लागत नाही

गहू, जव (सातू) आणि परदेशात पिकणारे राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर ती चिवट होते, चपाती ताणली तरी फाटत नाही, ती या ग्लूटेनमुळे. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण काही माणसांची जन्मतःच अशी घडण असते, की ग्लूटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते आणि त्या मारामारीत स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करते. म्हणून याला साधी ॲलर्जी म्हणत नाहीत. शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांत याची गणना होते.

आपले लहान आतडे आतून गुळगुळीत नसते. टॉवेलला जसे उभे दोरे असतात तसे त्याला लाखो बारीक अंकुर असतात, आणि अन्नातले सत्त्व ते शोषून घेतात. या आजारात अंकुर झिजून सपाट होतात. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पावती फाडली, रक्कम दिली, पण ती खात्यात जमाच झाली नाही. आपल्या आयाबायांनी हे केव्हाच चार शब्दांत सांगून ठेवले आहे : खाल्लेले अंगी लागत नाही.

पोटाच्या या दुखण्याचे वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये केले होते. आहारात काहीतरी दोष आहे हे त्यांनी ओळखले, पण नेमके काय ते कळत नव्हते. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३० नंतरच्या वर्षांत आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. अशा काळात सगळे खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारली. पुन्हा पाव मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे पद्धतशीर अभ्यास करून १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला, आणि जगाला कळले की दोष गव्हात आहे.

हा फक्त लहान मुलांचा आजार, असे पुष्कळ वर्षे समजले जाई. आता माहीत आहे की तो तिशी-चाळिशीत, अगदी साठीतही उघडकीला येतो. मोठ्या माणसाला जुलाब होतीलच असेही नाही. कोणाला उलट बद्धकोष्ठ असते, कोणी अंगाने जाडही असते. मग वर्षानुवर्षे ॲसिडिटी, अशक्तपणा, नाहीतर “मनाचा आजार” म्हणून औषधे चालू राहतात.

उत्तर हिंदुस्थानात चपाती हेच मुख्य अन्न, त्यामुळे तिकडे हा आजार जास्त दिसतो. देशाच्या तीन भागांत मोठ्या माणसांची तपासणी करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेत हजारी सुमारे आठ-नऊ जणांना हा आजार आढळला, दक्षिणेत मात्र अगदीच थोड्यांना. दक्षिणेत गहू कमी खाल्ला जातो, हे त्याचे एक मोठे कारण मानतात. आपल्याकडेही मूळचे अन्न भाकरी आणि भात. पण शहरात आल्यावर भाकरी मागे पडली. सकाळी चहाबरोबर पाव किंवा बटर, डब्यात चपाती, मधल्या वेळी वडापाव, मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा. दिवसातून चार वेळा गहू पोटात जातो. तेव्हा हा परमुलखातला आजार, असे समजून चालणार नाही.

कशाकशाची उणीव पडते

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि या आजाराचा पहिला घाव त्याच भागावर पडतो. म्हणून मोठ्या माणसांत रक्तक्षय हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे. कित्येकदा तेवढे एकच लक्षण असते. गोळी पोटात जाते आणि तशीच पुढे जाते. ताई खरे बोलत होत्या.

फॉलिक ॲसिडही वरच्या भागातच शोषले जाते. त्याच्या उणिवेने रक्त बनत नाही, तोंड येते, आणि गर्भारपणात ते कमी पडले तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग राहू शकते. बी-१२ हे जीवनसत्त्व आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, तरीही या रोग्यांत तेही पुष्कळदा कमी सापडते. मग हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसराळूपणा वाढतो.

कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडले की हाडे पोकळ होतात. कंबर दुखते, अंग ठणकते आणि साध्या पडण्याने हाड मोडते. चाळिशीच्या आत हाड मोडलेली बाई किंवा पुरुष दिसला तर नुसते नशिबाला दोष देऊ नये.

जस्त कमी पडले की जखमा लवकर भरत नाहीत, केस गळतात, तोंडाची चव जाते. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर रात्री नीट दिसत नाही. ‘के’ जीवनसत्त्व कमी पडले तर रक्त लवकर गोठत नाही, अंगावर निळे डाग उमटतात. शिवाय आतडे झिजलेले असताना दूधही पुष्कळांना पचत नाही. आतडे सुधारले की दूध बहुधा पुन्हा चालू लागते.

सोबत येणारे आजार

हा आजार पुष्कळदा एकटा येत नाही. शरीर स्वतःवर उलटण्याची खोड एका ठिकाणी लागली की दुसऱ्या ठिकाणीही लागू शकते. इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते असा, बहुधा लहान वयात सुरू होणारा टाइप-१ मधुमेह आणि थायरॉइडचे आजार या रोग्यांत इतरांपेक्षा जास्त दिसतात. काहींना कोपर, गुडघे आणि ढुंगणावर अतिशय खाजणारे बारीक फोड येतात. त्याला डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. खरूज किंवा गजकर्ण समजून लोक मलमे चोळत बसतात आणि मूळ आतड्यात राहते.

काहींच्या रक्तात यकृताचे आकडे कारण नसताना वाढलेले सापडतात. स्त्रियांमध्ये मूल न राहणे, पुन्हा पुन्हा गर्भपात होणे, कमी वजनाचे बाळ होणे, हेही उपचार न झालेल्या आजाराबरोबर येऊ शकते. सततचा थकवा आणि उदासपणा तर नेहमीचाच. फार थोड्यांना, उपचाराविना पुष्कळ वर्षे गेली तर, आतड्याचा लिम्फोमा हा कर्करोगही होतो. भीती घालावी म्हणून हे लिहीत नाही. पथ्य पाळले की हा धोका कमी होतो, म्हणून लिहितो.

दोन गर्भ गेले तेव्हा वस्तीने ताईंच्या दंडाला गंडा बांधला. त्यावेळी कोणी त्यांच्या आतड्याची चौकशी केली नाही. बाधा म्हटले की विचार थांबतो, आणि विचार थांबला की बाईचा दोष ठरतो. शिकल्यासवरल्या आम्ही गंडा बांधला नाही खरा, पण दोष मात्र तिलाच दिला. मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?

प्रत्येक रक्तक्षय हा सिलिॲक नव्हे

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाच्या आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. या सगळ्यांना सिलिॲक नाही. बहुतेकींचे कारण उघड आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खायचे, पाळीत रक्त फार जायचे, पाठोपाठ बाळंतपणे, पोटात जंत. काहींना सिकलसेल किंवा थॅलेसेमियाही असतो. म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. पण दोन-तीन महिने नियमाने गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, “गोळी अंगी का लागत नाही?”

तपासणी अशी असते. आधी रक्तातली ‘टीटीजी’ नावाची प्रतिद्रव्ये पाहतात, आणि सोबत एकूण ‘आयजीए’ पाहतात. काहींच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असते, आणि मग पहिली तपासणी फसवते. त्यानंतर दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेऊन मोठ्या माणसात निदान पक्के करतात.

एक चूक मात्र करू नका. तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. गहू बंद केला की आतडे सुधारू लागते, प्रतिद्रव्ये उतरतात, आणि आजार असूनही कागदावर तो दिसत नाही. हल्ली मोबाइलवर “गहू म्हणजे विष” असे संदेश फिरतात. ज्याला हा आजार किंवा गव्हाचा दुसरा काही त्रास नाही, त्याने गहू सोडण्याचे कारण नाही. ज्याला आजार आहे, त्याने मात्र जन्मभर सोडायचा आहे. दोन्ही बाबतीत आधी तपासणी, मग निर्णय.

हा आजार रक्ताच्या नात्यात चालतो. घरात एकाला निघाला तर आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. ताईंच्या मुलीची केली. तिला आजार नाही. पण पुढे काही लक्षण दिसले तर पुन्हा तपासायला सांगितले आहे.

औषध आपल्याच चुलीवर

या आजाराला गोळी नाही. ग्लूटेन संपूर्ण बंद करणे हाच उपचार, आणि तो आपल्या घरात होण्यासारखा आहे. युरोपातल्या माणसाला पाव सोडला तर खायचे काय असा प्रश्न पडतो. आपल्या आजीला तो पडला नसता. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा हे सगळे चालते. सर्व डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, भाज्या, फळे, अंडी, मासळी, मटण चालते. दूधही सोसेल तसे चालते. गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, टोस्ट, खारी, बिस्किटे, सातूचे पीठ हे सगळे बंद. म्हणजे शिरा, उपमा, पुरणपोळी, करंजी, शंकरपाळेही बंद.

लपलेला गहू ओळखावा लागतो. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. माल्ट घातलेल्या पेयांत जव असते. ओट्समध्ये गव्हाची भेसळ पुष्कळदा होते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. समोसा तळलेल्या तेलात तळलेला वडाही चालत नाही. पुड्यावर ‘ग्लूटेन-फ्री’ असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्या देशात नियम आहे. एवढ्यावरून ध्यानात येईल, की चिमूटभर पीठही जास्तच.

म्हणून गिरणीचा प्रश्न मोठा. गव्हामागून त्याच चक्कीवर ज्वारी दळली की ज्वारीत गहू उतरतो. ज्या गिरणीत ज्वारी-बाजरीची चक्की अगदी वेगळी आहे तिथे दळावे, नाहीतर घरीच जात्यावर किंवा मिक्सरवर. दळण्याआधी धान्य निवडून त्यातले गव्हाचे दाणे काढावेत. घरात परात, लाटणे, तवा आणि पिठाचा डबा रोग्यासाठी वेगळा ठेवावा. रेशनवर आलेला गहू इतरांनी खावा आणि तांदळातला मोठा वाटा रोग्यासाठी ठेवावा, म्हणजे वेगळा खर्च फार पडत नाही.

नुसत्या भातावर मात्र राहू नये. गहू सोडला आणि दुसरे काही वाढवले नाही तर उणिवा तशाच राहतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, बाजरीत लोह बऱ्यापैकी असते. भाकरीसोबत पालेभाजी, उसळ, जमेल तेव्हा अंडे किंवा सुकट घ्यावी. वर लिंबू पिळावे, त्याने लोह जास्त शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेऊ नये, चहा लोह अडवतो. सुरुवातीला डॉक्टर लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व देतील ते पूर्ण घ्यावे. गोळ्यांनी लोह वाढत नसेल तर ते शिरेतूनही देतात. हाडांच्या घनतेची आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हेही विचारून घ्यावे. बरे वाटायला काही आठवडे पुरतात, पण मोठ्या माणसाचे आतडे पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. बरे वाटले म्हणून पथ्य सोडले की पुन्हा पहिल्यापासून.

एकीसाठी वेगळी भाकरी

खरी अडचण पुढेच आहे. आजार पुरुषाला झाला तर घर त्याच्यासाठी भाकरी थापते. बाईला झाला तर ती म्हणते, “माझ्या एकटीसाठी कुठे वेगळं करायचं?” आणि सगळ्यांच्या चपात्या लाटून उरलेल्यातली एक खाते. ताईंनी पहिले दोन महिने हेच केले. कोणाला बोलल्या नाहीत. पुढच्या तपासणीला प्रतिद्रव्ये तशीच निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बोलावून घेतले. त्या दिवसापासून त्या घरात रात्रीचे जेवण सगळ्यांसाठी भाकरी आणि भात असेच होते. सकाळी मुलीच्या डब्याची चपाती नवरा लाटतो. पहिल्या चपात्या नकाशासारख्या होत होत्या, आता गोल होतात.

त्याला वर्ष झाले. मागच्या शिबिरात आम्ही पुन्हा वही घेऊन बसलो होतो. ताईंच्या नावापुढे साडेअकरा लिहिले. लिहिताना आम्ही म्हणालो, “ताई, तुम्ही तेव्हा खरं सांगत होता. आम्ही ऐकलं नाही.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊ. पण तेवढं लापशीचं आता दुसऱ्या कोणाला तपासल्याशिवाय सांगू नका.”

तेव्हापासून आमच्या वहीत हिमोग्लोबिनच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे : ‘गोळ्या घेऊनही वाढले नाही’. त्या रकान्यात ज्यांचे नाव येते त्यांना आम्ही आता रागावत नाही, मोठ्या इस्पितळात जायला सांगतो. जमले तर सोबतही जातो. तुमच्या वस्तीत शिबिर भरेल तेव्हा तुम्हीही असा रकाना आखावा, एवढीच विनंती.